एका जागेला चार कुंपणे

पत्र थोडक्यात असे: राजापूर तालुक्यात आमची वडिलोपार्जित ५० गुंठे जागा आहे. आम्ही राहतो डोंबिवलीत, महिन्यातून एक-दोनदा जाणे होते. गेल्या पावसाळ्यात काजूची ५० आणि हापूसची २० कलमे लावली. जागा १६५ फूट रुंद आणि ३३० फूट लांब. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला पऱ्या (पावसात फुगणारा ओढा), दक्षिणेला उघडा कातळ. उत्तरेला शेजाऱ्यांची बाग आणि मधे जुना पडका गडगा, म्हणजे नुसते दगड रचून केलेली भिंत. मोकाट गुरांनी १४ कलमे मोडली, रानडुकरांनी आळी उकरली. ठेकेदार म्हणतो, चारी बाजूंनी सिमेंटचे रेडिमेड कंपाउंड करा. भाऊ म्हणतो, काटेरी तार पुरे. आम्हाला चेनलिंक जाळी बरी वाटते, सौर कुंपणाबद्दलही ऐकले आहे. जागेतून पऱ्यावर जाणारी पायवाट आहे, ती बंद करायची आहे. सातबाऱ्यावर माझ्याबरोबर दोन चुलत भावांची नावे आहेत, पण ही जागा आमच्या वाट्याची हे घरात ठरलेले आहे. एकदाच खर्च करायचा तर कोणते कुंपण घालावे? आणि वानरांचे काय?

उत्तर:

पत्रातली सगळ्यात महागाची गोष्ट तुम्ही जाता जाता सांगितली आहे, ती सातबाऱ्याची. सामाईक सातबाऱ्यावर प्रत्येक सहहिस्सेदाराचा हक्क जागेच्या कणाकणावर असतो. ‘घरात ठरले आहे’ हे आज खरे असेल, पण लोखंडी खांब काँक्रीटमध्ये उभे राहिले की चुलत भावांना, निदान त्यांच्या मुलांना, त्यात ताबा दिसू लागतो. म्हणून कायमचे कुंपण घालण्याआधी वाटणी कागदावर आणा. सगळ्यांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करून वाटप होते, आणि तेही दिवाणी दाव्यापेक्षा फार कमी वेळात.

त्यानंतर मोजणी. अर्ज तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात करायचा. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, भूकरमापक येऊन हद्दीच्या खुणा दाखवतो आणि नंतर तुम्हाला नकाशाची ‘क’ प्रत मिळते. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. दाखवलेल्या प्रत्येक खुणेवर त्याच दिवशी दगड पुरा किंवा कातळावर छिन्नीने फुली मारून ऑइलपेंट लावा. चुन्याची रेघ पहिल्या पावसात जाते आणि खुंटी गुराखी उपटून नेतो. खांब हद्दीवर नकोत, हद्दीच्या आत घ्या. खांब बारीक असला तरी त्याचा काँक्रीटचा खड्डा फूटभर रुंद असतो आणि तोही तुमच्याच जागेत बसला पाहिजे. सहा ते नऊ इंच आत आलात तर पुढच्या भांडणातून सुटलात.

पायवाट बंद करू नका. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो. बांधावरच्या वाटेसाठी महसूल संहितेचे कलम १४३ वेगळे आहे. उभारलेले कुंपण स्वतःच्या खर्चाने तोडण्यापेक्षा वाट ठेवून गुरे अडवणे सोपे. कोकणातले जुने बेडे यासाठीच असते: दोन खांबांना समोरासमोर भोके आणि त्यांतून सरकवलेले तीन-चार आडवे बांबू. त्याची एकच खोट, येणारा-जाणारा बांबू परत सरकवायला विसरतो. त्यापेक्षा वळणाची वाट करा. दोन खांबांमध्ये दीड-पावणेदोन फुटांची फट ठेवायची आणि तिच्या समोर, आतल्या बाजूला, तेवढ्याच अंतरावर तिसरा खांब. माणूस डोक्यावर भारा घेऊन वळून जातो. गाईचे लांब अंग त्या कोनातून वळत नाही. उघडझाप नाही, म्हणून विसरायलाही काही नाही. मात्र डुकराला ती अडवत नाही. त्यासाठी फटीत गुडघाभर उंचीची फळी आडवी लावा, माणूस ती ओलांडून जातो.

आता कुंपण. ‘कोणते चांगले’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तुमच्या चार बाजूंना चार वेगवेगळी माणसे-जनावरे आणि चार प्रकारची जमीन आहे. घेर ९९० फूट, म्हणजे ३०२ मीटर. एवढ्या सगळ्याला एकच कुंपण घातले तर दोन बाजूंना पैसे वाया जातील आणि उरलेल्या दोन बाजूंना ते पडेल. शिवाय एक गोष्ट मनाशी पक्की करा: गुरे कुंपण वरून वाकवतात, डुकरे खालून उचलतात. मधली तीन फूट जाळी जवळजवळ शोभेची असते. खर्च करायचा तो कोपऱ्याच्या खांबांवर, खालच्या कडेवर आणि गेटवर.

सगळ्यात कठीण बाजू दक्षिणेची, ३३० फूट उघडा कातळ. गुरे इथून येतात, आणि बहुधा डुकरेही. इथे चेनलिंक जाळीच योग्य: उंची ५ फूट, ३ इंची डोळा, १० गेजची गॅल्व्हनाइज्ड तार. १० गेज म्हणजे ३.२५ मिलिमीटर आणि १२ गेज म्हणजे २.६४. उभ्या जाळीकडे नुसते पाहून हा फरक कळत नाही, वजनात मात्र लगेच कळतो. याच डोळ्याची, याच उंचीची १० गेज जाळी मीटरला सुमारे २.७ किलो भरते, १२ गेजची जेमतेम १.८. तुमच्या १०० मीटरला एक २७० किलोच्या आसपास आणि दुसरी १८० च्या. म्हणून दर चौरस फुटावर ठरवू नका, किलोवर ठरवा. गाडी काट्यावरून आणायला सांगा आणि बंडल सुटल्यावर पाच-सहा ठिकाणी व्हर्निअर (तारेची जाडी मोजायचे साधन) लावा. हिरवे पीव्हीसी आवरण असलेली जाळी घ्यायची तर गेज आवरणावरचा की आतल्या तारेचा, हे बिलावर लिहून घ्या. बाहेरून १० गेज दिसणाऱ्या जाळीत आत १२ किंवा १४ ची तार निघते. तुमच्याकडे पीव्हीसी घेऊच नका. कातळावरचे गवत फेब्रुवारीपासून वाळते, एक वणवा आला की प्लास्टिक वितळून खाली गळते आणि आतली तार उघडी पडते. त्यापेक्षा जस्ताचा जाड थर मागा. जस्त ग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये मोजतात. आकडा विचारल्यावर दुकानदार ‘एकदम हेवी आहे’ एवढेच म्हणाला तर दुसरे दुकान पाहा. चेनलिंकसाठी भारतीय मानक आयएस २७२१ आहे आणि काटेरी तारेसाठी आयएस २७८. बिलावर तो क्रमांक लिहून द्यायला जो तयार होतो, त्याच्याशी पुढे बोलता येते.

खांब ४०×४०×५ मिलिमीटरच्या लोखंडी अँगलचे, ७ फूट लांब. हा अँगल मीटरला ३ किलो, म्हणजे एक खांब साधारण साडेसहा किलोचा. दोन खांबांत ८ फुटांपेक्षा जास्त अंतर नको. ३३० फुटांत ४२ गाळे पडतात, म्हणजे ४३ खांब. त्यांतले पाच मात्र जाड हवेत, ५०×५०×६ चे: दोन कोपऱ्यांचे आणि मधे दर ८२ फुटांवर एक असे तीन. हे ताणाचे खांब. कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही कुंपणांच्या दिशेने एकेक आणि मधल्या ताणखांबाला दोन्ही बाजूंनी एकेक तिरका टेकू लागतो. टेकूचे खालचे टोकही काँक्रीटमध्ये. हे टेकू ठेकेदार सर्रास वगळतो, कारण कोटेशनमध्ये ते कोणी विचारत नाही. मग जाळी ओढली की कोपरा आत झुकतो, ताण जातो, जाळीला झोळ पडतो, आणि झोळ पडलेल्या जाळीवर गाय निवांत मान ठेवून पलीकडचे खाते. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत ती जाळी कमरेएवढी राहते.

कातळात दोन फुटांचा खड्डा खणायचा हट्ट धरू नका. ब्रेकरने चार-साडेचार इंच व्यासाचे आणि दीड फूट खोल भोक पुरते. धूळ पूर्ण काढा, भोक ओले करा, खांब ओळंब्यात उभा करा आणि बारीक खडीचे काँक्रीट सळईने ठासून भरा. जिथे कातळ संपून माती लागते तिथे १×१ फूट आणि २ फूट खोल खड्डा, १:२:४ काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी). एक गोणी सिमेंट अशा अडीच-तीन खड्ड्यांना पुरते. काँक्रीटचा माथा जमिनीच्या दोन इंच वर आणि चारी बाजूंना उतरता ठेवा. अँगल नेहमी जमिनीलगतच गंजून तुटतो, कारण तिथे पाणी साचते, माती चिकटते आणि रंग आधी तिथूनच जातो. त्या जागेला, वर-खाली वीतभर, रेडऑक्साइडवर डांबराचे दोन हात द्या. हे काम खांब उभे करण्याआधी करायचे. नंतर होत नाही, आणि झालेच तर अर्ध्याच बाजूला होते.

जाळी ओढण्याचा क्रम असा. आधी ताणाचे खांब आणि टेकू उभे करून निदान सात दिवस पाणी मारा. मग दोरी लावून मधले खांब. नंतर ८ गेजच्या तीन आडव्या तारा, वर, मधे आणि खाली, टर्नबकलने किंवा पुलरने ताणलेल्या. जाळी सगळ्यात शेवटी, कोपऱ्यावर तिच्या शेवटच्या डोळ्यांतून लोखंडी पट्टी ओवून, पट्टी खांबाला बोल्टने आवळून. आडव्या तारा नसतील तर जाळी खांबाखांबांमध्ये लोंबते. आणि एक बारीक गोष्ट: जाळी तारेला बांधायला मजूर खिशातून काळी बाइंडिंग वायर काढतात, स्लॅबच्या सळया बांधायची. ती कोकणातला एक पावसाळाही काढत नाही. लाल होऊन गळते, आणि तुमची महागडी गॅल्व्हनाइज्ड जाळी खांबापासून सुटी होते. बांधायची तारसुद्धा गॅल्व्हनाइज्डच, १४ गेजची, तीन-चार किलो आधीच आणून द्या. जाळीच्या वर अर्धा फूट सोडून काटेरी तारेची एक ओळ ओढा. तिच्यामुळे गुरे जाळीवर मान टाकत नाहीत.

आता खालची कड. डुकराला कातळ उकरता येत नाही, पण कातळ सपाट नसतो. जाळी सरळ ओढली की खड्ड्याखड्ड्यांवर सहा-सहा, नऊ-नऊ इंचांच्या फटी राहतात आणि डुक्कर नाक घालून जाळी उचलते ते तिथूनच. म्हणून आधी संपूर्ण लांबीत चिऱ्याची, म्हणजे घडीव जांभ्या दगडाची, एक ओळ सिमेंटमध्ये बसवा. साधारण १४×९×७ इंचांचा चिरा ९ इंच उंचीने ठेवला तर मीटरला तीनपेक्षा थोडे कमी लागतात. १०० मीटरला फूटतूट धरून ३०० चिरे मागवा, खाणीप्रमाणे माप थोडे बदलते. सांध्यांत दर चार फुटांवर ८ मिलिमीटर सळईचा आकडा रोवा आणि जाळीची खालची तार त्याला बांधा. दर सहा-आठ फुटांवर चिऱ्याखाली पाण्याला दोन-तीन इंचांची वाट ठेवायची. ती विसरलात तर जुलैमध्ये कातळावरून धावणारे पाणी चिऱ्याआड तुंबेल आणि ओळ ढकलून देईल. मातीच्या तुकड्यात चिऱ्याऐवजी दुसरी युक्ती चालते. तिथे फूटभर जास्त उंचीची जाळी घ्या आणि खालचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला काटकोनात जमिनीवर पसरा, वर माती आणि दगड. डुक्कर कुंपणाच्या अगदी मुळाशी उकरू लागते आणि त्याच्या नाकाखाली जाळीच येते. मागे सरकून उकरायचे त्याला सुचत नाही. साळिंदरालाही हीच युक्ती चालते.

भावाची काटेरी तार इथे का नको, हे त्यातच आले. चार-पाच ओळींची तार गुरांना थांबवते. डुक्कर मात्र दोन ओळींमधून घुसते. त्याच्या जाड कातड्याला आणि राठ केसांना काट्याचे फार वाटत नाही, आणि पिल्ले तर खालून सरळ जातात. एकट्या काटेरी तारेने तुमची निम्मीच अडचण सुटेल.

पश्चिमेला, पऱ्याच्या बाजूला, जाळी अजिबात नको. पावसात पऱ्या फुगला की पाला, काटक्या, नारळाची झावळी जाळीला येऊन अडकते, जाळीचे धरण होते आणि पाण्याचा सगळा भार खांबांवर येतो. काठापासून आठ-दहा फूट आत राहून सजीव कुंपण करा. गिरीपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, कोकणात खुंटीने लागते. मनगटाएवढ्या जाडीच्या, पाच-सहा फुटी खुंट्या घ्या, खालचे टोक तिरके छाटा आणि पाऊस धरल्यावर जूनमध्ये सव्वा ते दीड फूट खोल पुरा. तीन फुटांवर एक धरली तर १६५ फुटांना ५६ लागतील. काही मरणारच, ६५ आणा. खुंटी ठोकून घालू नका, डोके फाटते आणि ती कुजते. पहारीने भोक पाडून मग पुरायची. पहिल्याच वर्षी तिला काटेरी तार बांधायचा मोह आवरा. कोवळ्या सालीत तार रुतते आणि ओढ लागून खुंटी हलली की नवी मुळे तुटतात. दुसऱ्या वर्षी पाच ओळी बांधा, तीही खिळ्याने न मारता सैल फासाने. तोवर मधे-मधे ऐनाचे किंवा कोणतेही टणक लाकडी खांब असू द्या. छाटलेला पाला कलमांच्या आळ्यात घातला की उत्तम हिरवळीचे खत, हा फायदा वेगळाच.

गिरीपुष्पाच्या बाहेरच्या बाजूला करवंदांच्या दोन आडव्यातिडव्या ओळी, रोपारोपांत दीड फूट. एका ओळीला ११० म्हणजे दोन ओळींना २२० रोपे. करवंदाचे बी साठवून ठेवले की उगवण झपाट्याने घसरते, म्हणून मे महिन्यात पिकलेल्या फळांतले बी धुऊन लगेच पिशव्यांत पेरा आणि पुढच्या जूनमध्ये लावा. डुकरालाही विचार करायला लावेल अशी दाट वई व्हायला तीन-चार वर्षे लागतात, हे आधीच कबूल करा. घाई असेल तर सागरगोटा किंवा चिलार लवकर दाटतो, पण तो दरवर्षी दोन्ही बाजूंनी छाटणारा माणूस हवा, नाहीतर चार वर्षांत तो तुमच्या काजूवर चढतो. तुम्ही डोंबिवलीत असता, म्हणून करवंदच. शेर कोणी सुचवला तर नको म्हणा. त्याचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, आणि कुंपण छाटणाऱ्याच्या डोळ्यात तो कधी ना कधी जातोच.

उत्तरेचा गडगा पाडून नवे काही बांधायचा विचार असेल तर सोडून द्या. सुका गडगा ही कोकणातल्या पावसासाठी घडलेली वस्तू आहे: सिमेंट नाही, म्हणून पाणी सांध्यांतून झिरपून जाते आणि भिंतीवर दाब येत नाही. पडतो तो मुळे घुसून किंवा माणसांनी वरून जा-ये करून. आधी मोजणीच्या नकाशावर पाहा, तो नेमका कोणाच्या हद्दीत आहे. हद्दीवरच असेल तर शेजाऱ्यांशी बोलून दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा करा आणि दोन ओळींचे पत्र दोघांच्या सहीने ठेवा. दुरुस्ती करताना पायाशी दोन फूट रुंदी, चार फुटांवर माथ्याला सव्वा फूट. दर दीड-दोन फूट उंचीवर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड आडवे घातले पाहिजेत. ते नसतील तर दोन्ही तोंडे वेगवेगळी फुगतात आणि पोटातली डबर खाली बसते. गडगा रचणारा माणूस जाळीवाल्यापेक्षा शोधायला कठीण झाला आहे. गावात एखादा जाणता उरला असेल तर त्याच्या सवडीप्रमाणे काम करा. सिमेंटने सांधे भरून देतो म्हणणाऱ्याला मात्र हात लावू देऊ नका, भरलेल्या सांध्यांमागे पाणी तुंबते. माथ्यावर करवंदाच्या काट्यांचा थर टाकला की डुक्कर उडी मारायला कचरते. काट्या दर दोन वर्षांनी बदलाव्या लागतात.

रस्त्याच्या बाजूला दिसण्याचाही मान राखायचा तर दोन ओळी चिरा आणि वर चार फूट जाळी. रस्ता जिल्हा परिषदेचा आहे की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, आणि मध्यापासून किती अंतर सोडायचे, हे ग्रामपंचायतीत विचारून मगच पाया आखा. रस्ता रुंद झाला की आधी जाते ते कुंपणच.

ठेकेदाराचे रेडिमेड कंपाउंड, खाचांच्या खांबांत सरकवलेल्या सिमेंटच्या फळ्या, फक्त याच १६५ फुटांत आणि जमीन सपाट असेल तरच विचारात घ्या. चारी बाजूंना नको, याची कारणे साधी आहेत. उतारावर त्या फळ्या आडव्याच बसतात, म्हणून प्रत्येक गाळ्याला पायरी पडते आणि पायरीखाली त्रिकोणी फट राहते, डुकराच्या मापाची. वरच्या अंगाने पाणी आणि माती साचली की दीड-दोन इंच जाडीची फळी तो दाब घेत नाही. आणि घाटरस्त्याने येताना काही फळ्यांना तडे जातातच. आत गेलेला हवा-पाण्याचा ओलावा सळई गंजवतो आणि काही वर्षांत फळीचे कोपरे सुटू लागतात.

गेट १२ फुटांचे, दोन पाखांचे. शेणखताचा टेम्पो आणि उद्या आंब्याची पिकअप वळून आत आली पाहिजे. खांब चिऱ्याचे असतील तर १४×१४ इंच आणि आत काँक्रीटमध्ये सळई. नुसत्या चिऱ्याला बिजागरी ठोकली तर गेटाच्या वजनाने ती सैल होते. गेटाखाली काँक्रीटचा उंबरा करा आणि गेट व उंबऱ्यात दोन इंचांपेक्षा जास्त फट ठेवू नका. ३०० मीटर कुंपण चोख आणि गेटाखाली वीतभर अंतर, असे असेल तर डुकराला तो पत्ता आठवड्यात सापडतो.

सौर कुंपण वाईट नाही, तुमच्यासाठी नाही. त्यात बॅटरीवर चालणारे यंत्र दर सेकंद-सव्वा सेकंदाला तारेत हजारो व्होल्टचा एक ठोका सोडते. ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी टिकतो, म्हणून जनावर मरत नाही, घाबरून पळते. डुक्कर आणि गवा या दोघांनाही ते रोखते, जाळीला गवा रोखणे जमत नाही. पण पावसाळ्यात गवताची एक पात तारेला टेकली की ठोका जमिनीत गळतो, आणि कोकणात गवत पंधरा दिवसांत गुडघ्याला येते. रोज संध्याकाळी टेस्टर लावून पाहणारा आणि आठवड्याला गवत काढणारा माणूस जागेवर हवा. उन्हाळ्यात उलट अडचण: कोरड्या कातळात अर्थिंग धरत नाही, जनावर तारेला लागते पण वर्तुळ पूर्ण होत नाही. त्यावर एक आड एक तार अर्थची ठेवावी लागते. गावात भरवशाचा गडी मिळाला तर पुढे दक्षिणेच्या जाळीबाहेर, वेगळ्या इन्सुलेटरवर, एक-दोन तारा घालता येतील. वनालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला साहाय्य मिळते. तुमचे गाव यादीत आहे का ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा आणि मंजुरीच्या कागदाआधी यंत्र विकत घेऊ नका. मुख्य म्हणजे, घरच्या लाइनची वीज तारेत सोडण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याच्याशी पुढे बोलूच नका. तो ठोका नसतो, अखंड प्रवाह असतो. पहिला मरणारा बहुधा पहाटे पाणी द्यायला गेलेला माणूस असतो, आणि वीज कायदा, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ आणि फौजदारी कायदा असे तिन्ही एकदम लागू होतात.

हे सगळे एका वर्षात करू नका. या जूनमध्ये पऱ्याच्या बाजूच्या खुंट्या पुरा, त्याला वाटणीची वाट पाहायला नको. पावसाळ्यात वाटपाचा अर्ज, पावसाळा संपताच मोजणी. डिसेंबर-जानेवारीत दक्षिणेची जाळी, तेव्हा कातळ कोरडा असतो आणि पाणी मारायला पऱ्यात थोडे पाणी उरलेले असते. फेब्रुवारी उजाडण्याआधी जाळीच्या बाहेर दहा फूट पट्टा गवत काढून जाळरेषा करा. रस्त्याची बाजू आणि गेट पैसे असतील तेव्हा. तोवर शिल्लक ५६ कलमे वाचवायला प्रत्येकाभोवती, खोडापासून तीन फुटांवर, तीन बांबू आणि करवंदाच्या काट्यांचे कडे पुरते. एका गड्याचे तीन-चार दिवसांचे काम आहे.

वानरांना कुंपण नाही. जाळी त्यांना शिडी होते आणि चिऱ्याची भिंत बसायला ओटा. हापूस फळावर येईल तेव्हा राखण ठेवावी लागेल, आणि जाळीपासून पंधरा-वीस फुटांचा पट्टा इतर झाडांपासून मोकळा ठेवलात तर निदान ते उडी मारून कुठून येतात, हे राखणदाराला दिसेल.